नातवाच्या संगणकाचा कर्जप्रस्ताव

गेल्या वर्षी जुलै महिन्यात, चातुर्मास नुकताच सुरू झाला असताना, घाटकोपरहून पुतण्याचा दूरध्वनी आला. "काका, तुम्ही आयुष्यभर लोकांचे कर्जप्रस्ताव तपासलेत. आता घरचा एक तपासा." माझ्या थोरल्या बंधूंच्या या नातवाला बारावीनंतर उपयोजित कलेच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. घरात दोन पिढ्यांचे भांड्यांचे दुकान. मुलाने बी.कॉम. करून गल्ल्यावर बसावे अशी वडिलांची इच्छा होती. ती त्यांनी गिळली होती, पण ती पुरती पचलेली नव्हती. अशा वेळी चिरंजीवांनी संगणकाची यादी पुढे केली : एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये.

पुतण्याच्या मते ही यादी खेळांची होती, शिक्षणाचे केवळ निमित्त. मुलाच्या मते बाबांना मुळात त्याचे शिक्षणच मान्य नव्हते, संगणक हे निमित्त. दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य होते. बँकेत असताना मी पाहिले आहे की, यंत्रसामग्रीसाठी मागितलेल्या कर्जावरून जेव्हा बापलेकांत वाद होतो, तेव्हा तो यंत्राविषयी क्वचितच असतो. परंतु यंत्राचा हिशेब नीट मांडला, तर निदान वादाचा तेवढा भाग तरी निकालात निघतो. म्हणून मी मुलाला सांगितले, "मला यादी नको, प्रकल्प-अहवाल दे. कोणते काम, कोणत्या वर्षी, कोणत्या सॉफ्टवेअरवर, आणि खेळ कोणते, रोज किती वेळ. खेळाचा रकाना लपवायचा नाही."

दोन दिवसांनी त्याने दोन पाने पाठविली. खेळाच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे "रोज दोन तास, रविवारी चार" असे लिहिले होते. त्या एका ओळीने माझे मत त्याच्या बाजूला झुकले, हे येथे कबूल करतो.

ज्या कुटुंबांत हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, त्यांच्यासाठी प्रथम यंत्राचे मर्म सांगतो. मी तंत्रज्ञ नव्हे. जे समजले ते वाचून, विचारून व चार दुकाने फिरून समजले. रेखाचित्रण आणि छायाचित्र-संस्कार, म्हणजे इलस्ट्रेटर, फोटोशॉप यांसारखे काम, मुख्यतः प्रोसेसर व रॅम यांवर चालते. ग्राफिक कार्ड तेथे मदतनीस असते, मालक नव्हे. उलट आधुनिक खेळ आणि त्रिमितीय चित्रांचे काम (ब्लेंडरसारखे) यांत जवळजवळ सारा भार ग्राफिक कार्डावर पडतो. त्यामुळे "डिझाइनसाठी मोठे कार्ड हवेच" हे विधान पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या तोंडी अर्धेच खरे असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, चलच्चित्र व त्रिमितीय काम सुरू झाल्यावर, ते बरेचसे खरे होते.

पहिल्या वर्षी काय शिकवतात, हे मी मुद्दाम विचारून घेतले. कागद, पोस्टर रंग, पेन, अक्षरलेखन, वस्तुचित्रण. मुंबईत सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. त्याचीच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली, आणि हाताने काम करण्याची ती शिस्त आजही या शिक्षणाचा पाया आहे. ज्या 'मंगल' टंकात आपण संगणकावर वर्षानुवर्षे मराठी वाचत आलो, तो आकारास आणणारे प्रा. र. कृ. जोशी हे याच परंपरेतले. बोरू व कागद यांच्यावर प्रभुत्व असलेला मनुष्य पुढे जुहूच्या राष्ट्रीय संस्थेत बसून संगणकासाठी देवनागरी घडवतो, ही गोष्ट मी पुतण्याला आवर्जून सांगितली. आपल्या मुलाने निवडलेले क्षेत्र म्हणजे 'चित्रं काढणं' नव्हे, एवढे तरी त्याला त्यातून पटले.

पहिले वर्ष बहुतांशी कागदावर जाणार असेल, तर संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी कशाला? बँक कारखान्याला कर्ज मंजूर करते, पण वितरण टप्प्याटप्प्याने करते : पाया झाला की एक हप्ता, यंत्रे आली की दुसरा. मी तेच सुचवले. पहिल्या हप्त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, चांगला एसएमपीएस, साधा हवेशीर कॅबिनेट आणि उत्तम मॉनिटर. ग्राफिक कार्ड दुसऱ्या वर्षी.

मुलाचा चेहरा उतरला. "आबा, कार्डाशिवाय खेळ कसे चालतील?" हलके खेळ कमी स्पष्टतेवर चालतील, जड खेळ एक वर्ष थांबतील, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पण मग बाकीचे भाग असे घेऊ की कार्ड बसवताना काही फेकावे लागणार नाही." या वाक्याने त्याने माझ्याहून शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. माझा स्वतःचा अनुभव त्याला दुजोरा देतो. काही वर्षांपूर्वी मुलीसाठी मी एका नामांकित कंपनीचा तयार संगणक घेतला होता. दिसायला सुबक, किंमतही रास्त. पुढे तिला कार्ड हवे झाले, तेव्हा कळले की आतला वीजपुरवठ्याचा संच अपुरा आहे, आणि त्याचा आकार इतका वेगळा की बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. अख्खा संगणक मोडीत गेला.

म्हणून जुळवून घेतलेला, म्हणजे असेंबल्ड, संगणक ठरला. लॅपटॉपचाही विचार झाला. परंतु तेवढ्याच पैशात डेस्कटॉप अधिक काम देतो, त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि सकाळच्या गर्दीत लोकलमधून तो न्यावा लागत नाही.

आम्ही तिघे एका शनिवारी घाटकोपरहून दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड, असे लॅमिंग्टन रोडला गेलो. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण मुंबईकर अजून गव्हर्नर लॅमिंग्टनसाहेबांना सोडायला तयार नाहीत. माझ्या तरुणपणी हा रस्ता मिनर्व्हा आणि 'शोले'मुळे ठाऊक होता. आता तेथे फुटपाथवरून चालताना प्रत्येक दुकानातून कोणी ना कोणी "क्या चाहिए, सर?" असे विचारते. उपनगरांतही आता संगणकाची दुकाने आहेत, आणि बिघाड झाल्यावर घराजवळचा दुकानदारच उपयोगी पडतो. तरी भाव समजण्यासाठी एकदा येथे जावे, असे माझे मत आहे. तीन दुकानांतून लेखी दरपत्रके घेतली. एकाच यादीवर साडेसात हजारांचा फरक निघाला.

दरपत्रके वाचताना जे शिकलो, त्यातल्या काही गोष्टी मोलाच्या आहेत. एका दुकानदाराने इंटेलचा 'आय-५ १२४००एफ' सुचवला, स्वस्त म्हणून. नावाच्या शेवटचा तो 'एफ' महत्त्वाचा. त्याचा अर्थ प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नाही. वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच उमटणार नाही. कार्ड पुढच्या वर्षी घेणाऱ्या आमच्यासारख्यांना तो निरुपयोगी होता. आम्ही एएमडीचा 'रायझन ५ ७६००' घेतला, ज्यात ती सोय लहान प्रमाणात आहे. त्याचा एएम-५ सॉकेट २०२७ पर्यंत व त्यापुढेही चालवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे, म्हणजे चार वर्षांनी नवा प्रोसेसर घातला तरी मदरबोर्ड टिकेल. दुसरी गोष्ट एसएमपीएसची. दुकानात सर्वांत आधी काटछाट होते ती याच भागात, कारण तो कॅबिनेटच्या आत दडलेला असतो आणि गिऱ्हाईक त्याच्याविषयी विचारत नाही. पुढच्या कार्डाचा विचार करून आम्ही आजच ६५० वॅटचा, '८० प्लस' प्रमाणित घेतला. मूळ यादीतले रंगीत दिवे, काचेचा कॅबिनेट आणि पाण्याने थंड करण्याची यंत्रणा मात्र मुलाने स्वतःच खोडली. पाण्याच्या यंत्रणेचा खर्च पाहून मला हसू आले होते, ते त्याला दिसले असावे.

मॉनिटरवर मी हात सैल सोडला. चित्रकाराने स्वस्त मॉनिटर घेणे म्हणजे सराफाने खोटा तराजू ठेवणे. आयपीएस प्रकारचा पडदा, कारण बाजूने पाहिले तरी त्याचे रंग बदलत नाहीत. एसआरजीबी रंगक्षेत्र जवळजवळ पूर्ण दाखवणारा. सत्तावीस इंच, २५६० बाय १४४०. याच दर्जाचा पडदा १६५ हर्ट्झचा मिळाला, तेव्हा खेळाचीही सोय झाली. नुसत्या 'गेमिंग मॉनिटर' या शब्दावर भुलू नये. वेग जास्त आणि रंग फिके, असेही पडदे त्या नावाखाली विकले जातात.

एके ठिकाणी वापरलेले ग्राफिक कार्ड निम्म्या भावात देऊ केले. मोह झाला. परंतु आभासी चलनाच्या खाणकामासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात फार आली, विशेषतः सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने कार्डांवरचे खाणकाम बंद केल्यानंतर. बाहेरून त्यांची झीज दिसत नाही. ज्या वस्तूचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ती तारण म्हणून मी कधी स्वीकारली नाही.

एका बाबतीत मात्र मी चुकलो. मुलाने ३२ जीबी रॅम मागितली होती, सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या. मी म्हटले, आज सोळाची एक घे, दुसरी कार्डाबरोबर. तो म्हणाला, दोन पट्ट्या एकत्र असल्या की वेगही वाढतो. मी ऐकले नाही. त्यानंतर वर्षअखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी मेमरी चिप्सना मागणी एवढी वाढली की रॅमचे भाव भडकले, आणि ती दुसरी पट्टी आजतागायत घेतलेली नाही. टप्प्याटप्प्याने वितरण ही चांगली पद्धत आहे, पण कच्च्या मालाचा भाव चढत असताना ती अंगाशी येते, हे मला बँकेत असताना ठाऊक होते. घरी विसरलो.

आता पैशाकडे येतो, कारण या मासिकाच्या वाचकांना तोच भाग अधिक जवळचा.

पेन टॅब्लेट, यूपीएस आणि विंडोजचा रीतसर परवाना धरून पहिला हप्ता ८६,००० रुपयांचा झाला. दुकानदार म्हणाला, "विंडोज कशाला विकत घेता? आणि फोटोशॉप, इलस्ट्रेटर, सगळे टाकून देतो, फ्री." वहिनी दुकानात नव्हत्या, पण त्यांनी घरी हे ऐकले तेव्हा एकच प्रश्न विचारला : "फ्री म्हणजे कोणी दिलेलं, का कोणाचं घेतलेलं?" अचौर्याची एवढी सोपी परीक्षा मला सुचली नसती. अडोबी कंपनी विद्यार्थ्यांना सवलतीच्या दरात वर्गणी देते. तीही जड वाटत असेल तर क्रिटा, इंकस्केप, गिंप आणि ब्लेंडर हे कार्यक्रम खरोखर मोफत आहेत, त्यांच्या कर्त्यांनीच मोफत दिलेले. मुलाने पहिले सहा महिने याच साधनांवर काढले. देवनागरी अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे सुंदर टंकही कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

मग बिलाचा प्रश्न आला. पुतण्या म्हणाला, "काका, बिल फर्मच्या नावावर घेऊ. अठरा टक्के जीएसटी आहे, क्रेडिट मिळेल." हिशेब बरोबर होता. ८६,००० मध्ये कराचा अंश सुमारे १३,१०० रुपये. शिवाय आयकरात संगणकावर चाळीस टक्के घसारा मिळतो, तो वेगळा. असा विचार ज्या घरात झाला नाही, असे व्यापारी घर मला दाखवावे! परंतु केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर हे क्रेडिट मिळत नाही. वस्तू थोडी धंद्यासाठी, थोडी घरासाठी असेल, तर धंद्याच्या अंशापुरतेच घेता येते. पुतण्याने युक्तिवाद केला, "तो आपल्या खोक्यांची लेबलं करून देईल." मी म्हटले, देईल तेव्हा त्याला कामाचे पैसे दे आणि ते फर्मच्या खर्चात घाल, तो खर्च खरा असेल. संगणक मात्र त्याच्या टेबलावर, त्याच्या खोलीत, त्याच्या खेळांसह राहणार आहे. तो फर्मचा नाही.

दुकानाच्या काउंटरवर हा संवाद चालू होता आणि मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. तेरा हजार रुपये ही लहान रक्कम नाही, विशेषतः भांड्यांच्या धंद्यातला नफा पाहता. पुतण्या मिनिटभर थांबला, मग दुकानदाराला म्हणाला, "बिल माझ्या नावावर करा, जीएसटी नंबर नको." मुलाने वडिलांकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर या घरात बऱ्याच महिन्यांत कोणी पाहिली नव्हती.

बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळ्या कंपनीची व वेगळ्या मुदतीची असते. क्रमांक नसेल तर वाद घालत बसावे लागते. प्रोसेसर पेटीबंद घ्यावा, सुटा मिळणारा 'ट्रे' प्रकार स्वस्त असतो, पण त्याच्या हमीत खोट असते.

हप्त्याने घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याज नसते असे नाही. ते बहुधा सवलतीच्या रूपाने आधी वजा दाखवून पुढे हप्त्यांत वसूल होते, आणि त्या व्याजावर जीएसटी व वर प्रक्रियाशुल्क लागते. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट बजावले होते. रोखीचा भाव आधी विचारावा, मग हप्त्यांची बेरीज त्याच्याशेजारी मांडावी.

खेळांचा प्रश्न शेवटी उरला, आणि तो यंत्राएवढा सोपा नव्हता. वहिनींचा आक्षेप बंदुकांच्या खेळांना होता. पडद्यावर का होईना, दिवसभर मारण्याचा भाव मनात ठेवणे त्यांना मान्य नव्हते. मुलाचे म्हणणे, त्या खेळातले दृश्यांकन, प्रकाश, नकाशे हेच तर त्याला शिकायचे आहे, आणि उद्या नोकरीही याच क्षेत्रात असेल. दोघांपैकी कोणाला चूक ठरवण्याचा अधिकार मी घेतला नाही. तह असा झाला : संगणक खोलीत नव्हे, तर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, वेळ त्यानेच लिहिलेला, आणि दशलक्षण पर्वाचे दहा दिवस खेळ बंद. हा शेवटचा मुद्दा त्याने स्वतः घातला. (खोलीचा माझा युक्तिवाद अशा रीतीने बाद झाला, तरी बिल बदलावे असे कोणाला वाटले नाही.)

पैशाच्या खेळांविषयी मात्र मी तडजोड ठेवली नाही. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली. ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धा, त्यातून वगळून मान्य केल्या. कायदा नसता तरी द्यूत ते द्यूतच. कायदेशीर खेळांतही पोशाख, शस्त्रे, नशिबाच्या पेट्या विकत घेण्याची सोय असते, आणि तेथे थेंबे थेंबे रक्कम जाते. घरच्या कोणाचेही कार्ड किंवा यूपीआय त्या खात्याला जोडलेले नाही.

विजेचेही विचारले गेले. जड कार्डासह खेळताना संगणक ३५० वॅटच्या आसपास ओढतो असे धरले, तर रोज तीन तासांनी महिन्याला तीस-बत्तीस युनिट होतात. कार्ड नसल्यामुळे सध्या याहून पुष्कळच कमी. पावसाळ्यात मात्र उपनगरांतील दमट हवा आणि बांधकामांची धूळ यांचा त्रास अधिक. तीन महिन्यांनी कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने साफ करणे त्याने स्वतःकडे घेतले आहे.

दिवाळीपूर्वी त्याने खरोखरच दुकानाच्या डब्यांच्या संचासाठी खोक्याचे लेबल केले. पडद्यावर त्याची हिरवी छटा अशी तजेलदार होती की पुतण्याने लगेच छापायला देण्याचे ठरवले. छापखान्यातून नमुना आला तो मळकट हिरवा. मुलगा घाबरून माझ्याकडे आला, जणू मॉनिटरची निवड माझीच असल्याने दोषही माझा. छापखान्यातल्या जुन्या कारागिराने त्याला समजावले : पडदा तीन रंगांच्या प्रकाशाने रंगतो, कागद चार शाईंनी, आणि प्रकाशातले काही तेजस्वी रंग शाईत उतरतच नाहीत. काम पहिल्यापासून चार शाईंच्या, सीएमवायके पद्धतीने करावे व नमुना पाहूनच पुढे जावे. नुकसान एका नमुन्याचे झाले. मुलाने रात्री बसून सगळी छटा पुन्हा लावली, आणि दुसऱ्या नमुन्यात पडदा व कागद बरेचसे जुळले.

वडिलांनी त्याला तीन लेबलांचे नऊ हजार रुपये फर्मच्या खात्यातून, व्हाउचरवर सही घेऊन दिले. दिवाळीची ओवाळणी आणि ही कमाई मिळून त्याच्या बचत खात्यात कार्डासाठी अठरा हजार जमले आहेत. त्याने निवडलेले कार्ड तीस हजारांच्या घरात आहे. उरलेले बारा हजार मी द्यावेत का, असे वहिनींनी परवा विचारले. मी अजून उत्तर दिलेले नाही. त्याच्याकडून पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवला आहे.